रुसलेला भालदार

सावळीराम पेंटरच्या घरात त्या दिवशी भांडण उगवतीलाच सुरू झालं. बायको नवसाबाईचं म्हणणं साधं होतं. गावात कांदे काढायची झुंबड उडालीय, मजुरीला माणूस मिळंना, अन् आपला धनी हातात ब्रश धरून दुसऱ्याच्या भिंतीपुढं उभा. त्यात चांदवडला फ्लेक्सचं मशीन आलेलं. वाढदिवस फ्लेक्सवर, दहावा फ्लेक्सवर, निवडून आलेला फ्लेक्सवर अन् पडलेलाबी फ्लेक्सवर. ब्रशला आता कुत्रं विचारीत नव्हतं.

"आज भिकाभाऊच्या लगीनघराची भिंत बिघडली," चुलीत फुंकर घालता घालता ती म्हणाली, "तर त्यो ब्रश इहिरीत टाकायचा अन् मपल्यासंगं कांद्याला यायचं. बोला, कबूल?"

सावळीराम कामाला निघाला की त्याला नुसता हुरूप चढायचा. तो कशालाही कबूल व्हायचा. कबूल म्हणाला अन् रंगाचे डबे सायकलला लटकावून शीळ घालत निघालासुद्धा.

पण भिंत बिघडायची भीती खरीच होती, कारण त्याच्या हाताला एक खोड होती. हात देवानं दिलेला, कुणी शिकवलेला नव्हे. मनात जो माणूस बसला असेल त्याचंच तोंड हातातून उतरायचं. शाळेच्या भिंतीवर भारतमाता काढली, ती हुबेहूब पोस्टमनच्या बायकोसारखी झाली. पोस्टमननं पुढं कितीतरी दिवस त्या रस्त्यानं सायकल नेली नाही. कुणाचंच नसलेलं तोंड काढायचं म्हटलं की सावळीरामला घाम फुटायचा.

भिकाच्या पोराचं, दत्तूचं लग्न होतं. दत्तूला गॉगल घातलेला आपला फोटो फ्लेक्सवर पायजे होता. त्याची आई सुमनबाई म्हणाली, लगीनघर हाय का पानटपरी? भिंत रंगल्याबिगर हळद लागायची नाय. झालं. दत्तूचं तोंड तेवढं एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

दुपारपर्यंत भिंत नुसती डुलायला लागली. वर गणपती, खाली कळस, दोन्ही अंगाला केळीचे खांब, खांबांवर पोपट, मधी लालभडक अक्षरात दत्तू अन् मोहिनीचं नाव. सवाष्णींनी गणपतीला हळदकुंकू वाहिलं. एकदा ते वाहिलं की भिंत लग्नाची झाली. मग तिला ओला फडका लावायचा नाही. पुसली तर पावसानंच पुसायची, असा गावचा रिवाज.

राहिले होते दाराचे दोन भालदार. सावळीराम रंगासाठी पाणी आणायला शेजारच्या पुंजाच्या विहिरीवर गेला अन् तिथंच घात झाला. पुंजा म्हणजे भिकाचा सख्खा थोरला भाऊ. बांधावरच्या एका आंब्यावरून दोघांचं बोलणं बंद. आता लग्नाची अक्षत भिकानं न्हाव्याच्या हाती पाठवली, अन् पुंजानं ती तशीच माघारी धाडली. अक्षत द्यायला भाऊ येतो, माणूस पाठवीत नाय, असं तो सावळीरामला मिशीवरून हात फिरवत पुन्हा पुन्हा सांगत राहिला. सावळीराम बादली भरून वाहिली तरी मान डोलवत उभा.

परत येऊन त्यानं उजव्या अंगाचा भालदार काढायला घेतला. पागोटं झालं, भाला झाला, डोळे झाले, मिशी झाली. मागं बाया पदर तोंडाला लावून खुसखुसायला लागल्या. सावळीरामला वाटलं, काम आवडलं. त्यानं मिशीला आणखी एक पीळ दिला. मग दोन पावलं मागं सरून बघतो, तर भिकाच्या दारात पुंजा भाला धरून उभा. करायला गेला गणपती अन् झाला मारुती.

भिका आला अन् अंगणात उन्हाळी वावटळ शिरावी तसा फिरायला लागला. पूस म्हणाला. सुमनबाई आडवी झाली, हळदकुंकवाची भिंत हाय, पुसशील तर मी हळदीला बसायची नाय. दत्तूला तर उकळ्याच फुटल्या, फ्लेक्सवाल्याला आत्ताच्या आत्ता फोन लावतो म्हणाला. सावळीरामच्या डोळ्यांपुढं नवसाबाई, विहीर अन् कांद्याचे वाफे आळीपाळीनं येऊ लागले.

"मंग दाढी काढ त्याला," भिका ओरडला. "लांबलचक काढ. वळखू नाय आला पायजे."

सावळीरामनं पांढरा रंग घेतला अन् पागोट्याच्या कडेपासून पार छातीपर्यंत दाढी ओढली. मिशी पांढरी केली, भिवया पांढऱ्या केल्या. खुसखुस थांबली. एका म्हातारीनं डोईवरचा पदर सारखा केला. भिकानं हळूच टोपी काढली. भिंतीवर भिका-पुंजाचा मेलेला बाप, आबा, उभा होता.

तेवढ्यात पुंजा आला. भावानं मला दारवान केला, एवढंच त्याच्या कानावर गेलेलं. हातात काठी, मिशी पिळलेली. आज भिंत पाडतो का भिक्याला पाडतो, असं म्हणत तो अंगणात शिरला अन् भिंतीपुढं येऊन गपकन थांबला. काठी खाली आली. पिंपळावरचा कावळा तेवढा बोलत होता.

"आबाच्या हाती भाला कशाला दिला रे, सावळ्या?" पुंजा शेवटी म्हणाला. "आबानं जल्मात भाला धरला नाय. आसूड दे."

सावळीरामनं भाल्याचा आसूड केला. भिका घरात गेला, मूठभर अक्षता घेऊन आला अन् थोरल्याच्या पायाशी वाकला. दादा, लग्नाला ये, एवढंच म्हणाला. पुंजा म्हणाला, "आबा दारात उभा असताना मी घरी बसन व्हय?" अन् दोघंबी डोळे पुसायला लागले. सुमनबाईनं त्यांना चहा पाजला तेव्हा कुठं ते गप्प झाले. दुसरा भालदार काढायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

लग्न धूमधडाक्यात झालं. गॉगल घातलेल्या दत्तूनं आबाशेजारी फोटो काढला. पण सुंभ जळतो, पीळ जातो का? हळद उतरली नाही तोच नवं भांडण. पुंजा म्हणे, आबा काय एकट्या भिक्याचा हाय? आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पितरांना घास ठेवायचा, तर आबा मपल्याबी भिंतीवर पायजे.

सावळीराम गेला. आबा, आबा, असं मनात घोकत चुना लावलेल्या भिंतीपुढं उभा राहिला. पण आठवत होता तो पायाशी वाकलेला भिका. पागोटं झालं, डोळे झाले, नाक झालं, अन् सावळीरामचा ब्रश हवेतच राहिला. पुंजाच्या भिंतीवर भिका.

"थांब दादा, दाढी लावतो," तो घाईघाईनं पांढऱ्या डब्यात ब्रश बुडवत म्हणाला. "आत्ता आबा व्हतो बघ."

पुंजानं त्याचं मनगट धरलं. भिंतीकडं बघत राहिला. रागात असतो तसाच चेहरा, पण डोळे ओले.

"नको," तो म्हणाला. "आबा व्हईल अन् भिक्या जाईल. ऱ्हाऊ दे."

सावळीराम सायकलवरून उडतच घरी आला. नवसाबाई अंगणात कांद्याची माती हातावरनं झाडत होती. भिंतीनं भावाभावांची दिलजमाई केल्याचं तिच्या कानावर गेलेलं. ब्रश कुठाय, तिनं विचारलं. त्यानं भीत भीत पुढं केला. तिनं घासलेटात तो खळखळून धुतला, पदरानं पुसला अन् देवाच्या कोनाड्यात ठेवला. जल्मात पहिल्यांदा.

"म्हायेरी मपल्या भाचीचं लगीन निघालंय," ती म्हणाली. "अन् थोरला भाऊ रुसून बसलाय. सकाळी जाऊन त्याचं तोंड नीट बघून या. नाक जरा लहान काढा, लय अभिमानी हाय त्यो."