डाव्या स्पीकरच्या पाठीवरचं कुंकू

मी डावा बोलतोय. सुमंतनं हातानं बनवलेल्या स्टीरिओचा डावा स्पीकर. माझा जोडीदार उजवा सात फुटांवर उभा आहे, पण त्याला काही विचारू नका. त्याचं काही चुकलं नाही, त्यामुळं त्याला झोप लागते. जे झालं ते माझ्या तोंडून झालं. आठ इंची तोंड आहे मला, आणि ऐन वेळी एक अक्षर खरं बोलता आलं नाही.

आमचा जन्म काशीसमोरच्या, गंगेपलीकडच्या रामनगरचा. सुमंत रेल्वेच्या डिझेल कारखान्यात क्लार्क. फायली लावण्यात वाकबगार, पण पाचर आणि पटाशी यातला फरक विचारलात तर तोंडाकडे बघेल. असा माणूस ९४ सालच्या उन्हाळ्यात एक हिंदी मासिक घेऊन बसंतू मिस्त्रीच्या दारात उभा राहिला. मिस्त्रीनं मासिकातला नकाशा उलटा धरला, सुलटा धरला.

"बाबूजी, ई का बनवावत हउवा? कबूतरखाना?"

"स्पीकर के बक्से हैं, मिस्त्री. दोनों बिल्कुल एक जैसे चाहिए."

मिस्त्री हसला, पण काम चोख केलं. जाड प्लायवूड, आतून कापूस, सांध्यांना सरस. आम्ही दोघं नावेत बसून गंगा ओलांडून आलो. नावाडी म्हणाला, यात देव आहेत का? सुमंत म्हणाला, "देव नहीं, पिताजी की आवाज़ रहेगी." 

त्याचे वडील म्हणजे वासुदेवशास्त्री. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत हे मराठी बिऱ्हाड तीन पिढ्यांपासून आहे, आणि अण्णा चाळीस वर्षं कीर्तन करत आले. गणेशोत्सवात त्यांचं कीर्तन असलं की मराठी न कळणारे मल्लाह, म्हणजे नावाडीसुद्धा पायऱ्यांवर येऊन बसायचे, असं सुमंतची आई सांगते. मग घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, अण्णा वाचले, पण स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. मी त्यांना पाहिलं तेव्हा गळ्याशी मफलर आणि हातात दगडी पाटी. जे बोलायचं ते खडूनं लिहायचे, समोरच्यानं वाचलं की पुसायचे.

त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट होती. सहा-सात वर्षांपूर्वीच्या उत्सवात कुणीतरी एकच माईक समोर ठेवून भरलेली. घरातल्या जुन्या टेपवर ती लावली की गोधडीतून कुणी बोलतंय असं वाटायचं. अण्णांनी ऑपरेशननंतर ती एकदाही ऐकली नव्हती. एकदा पाटीवर लिहिलं म्हणे, "असा ऐकायचा नाही. जसा होता तसा ऐकव." तेवढं एक वाक्य सुमंतच्या डोक्यात बसलं. बाजारात तयार स्टीरिओ त्याला ऐपतीबाहेरचा, म्हणून गडी स्वतःच बनवायला निघाला. हौसेला मोल नसतं हे खरं, पण ही हौस नव्हती हो. बापाला बापाचा आवाज परत द्यायचा होता.

काय काय केलं त्यानं! सोल्डरिंग करताना बोटं भाजून घेतली. अॅम्प्लिफायर पहिल्यांदा चालू केला तेव्हा त्यातनं धूरच आला, आणि त्याची बायको संपदा म्हणाली, "अहो, आरती झाली, आता प्रसाद द्या!" दुसऱ्यांदा नुसताच घूं घूं असा आवाज. तिसऱ्यांदा जमलं. माझ्या तोंडात स्पीकर बसवताना आतली तार आखूड पडली. उजव्याच्या पाठीवर प्लसचा स्क्रू वर आणि मायनसचा खाली. माझा प्लस मात्र त्यानं नाइलाजानं खालच्या स्क्रूला जोडला. विसरू नये म्हणून संपदाची नेलपॉलिश मागून आणली आणि दोघांच्याही प्लसशेजारी एकेक लाल ठिपका दिला.

हे का महत्त्वाचं, ते सांगतो. आमच्या तोंडात काळ्या कागदाचा पडदा असतो. आवाज काढताना तो पुढं-मागं हलतो. दोघांचे पडदे एकदम पुढं गेले पाहिजेत आणि एकदम मागं. तारा एकाच्या उलट्या लागल्या की एक पुढं जातो तेव्हा दुसरा मागं. नावेत एकानं पुढं वल्हवलं आणि दुसऱ्यानं मागं, तर नाव जागच्या जागी फिरते ना, तसं होतं. आणि गंमत अशी, की आमच्यापैकी एकाच्या जवळ उभं राहिलं तर काही कळत नाही. बरोब्बर मध्ये बसलेल्यालाच आवाज पोकळ लागतो. एका माईकवर भरलेली कॅसेट असेल, म्हणजे दोघांच्या तोंडी एकच आवाज, तर विचारूच नका.

पण सुरुवातीला सगळं ठीक होतं. मासिकात लिहिलं होतं, दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण व्हावा. सुमंतनं दोरीनं मोजून जमिनीवर खडूची फुली मारली, तिथं बसला, एक सतारीची कॅसेट लावली आणि डोळे मिटले. सतार अगदी समोर, हात लावावा इतकी समोर. "घोडं गंगेत न्हालं!" असं ओरडला आणि आईला मिठी मारली. अण्णांनी दाराआडून बघितलं. मी पाहिलं, त्यांचे ओठ हलत होते.

तिथल्या तिथं कीर्तनाची कॅसेट लावली असती तर! पण आई म्हणाली, "चार दिवसांवर नवरात्र आलंय. एवढी मोठी गोष्ट, दसऱ्याच्या मुहूर्तावर ऐकू दे त्यांना." अण्णांनीही मान हलवली. सुमंत म्हणाला, दुसरी कॉपीही दसऱ्यानंतरच काढतो. सगळंच दसऱ्यावर ढकललं.

खंडेनवमी आली. या घरात त्या दिवशी झाडून सगळी हत्यारं-अवजारं पुजतात. विळी, कात्री, शिवणाचं मशीन, सुमंतची सायकल, कारखान्यातलं पेन. आई म्हणाली, "आणि तुझा तो बाजा? त्याला नाही का विश्रांती?" सुमंतनं तारा सोडवल्या आणि आम्हाला पाटावर मांडलं. आईनं हळद लावली, कुंकू लावलं. मग पाठीमागं आली. तिथं स्क्रूंजवळ एकाला लाल ठिपका आणि दुसरा कोरा.

"अगंबाई! एकाला टिळा आणि एक कोरा? असं नसतं करायचं," असं म्हणून तिनं बोट बुडवलं आणि चारही स्क्रूंना ओलं कुंकू माखलं. नेलपॉलिश खाली दडपली. माझ्या पाठीवर ते बोट अजून आठवतं. किती मायेनं लावलं होतं.

दसऱ्याला सकाळी देवपूजा झाली. अण्णा आंघोळ करून, कोरं धोतर नेसून, डोक्याला कीर्तनातली पगडी घालून बसले. संपदानं खडूच्या फुलीवर त्यांचा पाट ठेवला, भोवती रांगोळी काढली. सुमंतनं घाईघाईनं तारा जोडायला घेतल्या. गाठ मारलेली तार प्लसची, एवढं त्याला आठवत होतं. स्क्रू बघतो तर सगळे लाल. उजव्याचा वरचा प्लस हे लक्षात होतं. माझाही वरचाच असणार, असं म्हणून जोडून मोकळा झाला. अरे, खालचा! आखूड तार आठव! पण लाकूडच मी.

लावून बघितलं, आवाज आला. नवशिक्याला तेवढं पुरतं. मध्ये बसून बघायला हवं होतं, पण मध्ये रांगोळी होती आणि अण्णांचा पाट होता. वडिलांच्या पाटावर मुलगा बसत नाही या घरात.

कॅसेट सुरू झाली. आधी चिपळ्या. त्या स्वच्छ आल्या. मग अण्णांचा आवाज. उजवा पुढं ढकलत होता आणि मी मागं ओढत होतो. मला कळत होतं हो! प्रत्येक शब्दाला कळत होतं. पाटापर्यंत पोचेस्तोवर त्या आवाजातला सगळा भरदारपणा निघून जात होता. उरत होतं ते पातळ, चिरकं, कुठून येतंय तेही न कळणारं काहीतरी.

आई उजव्याशेजारी उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला. "तोच हो! अगदी तोच आवाज!" संपदा आणि सुमंत माझ्या बाजूला होते. ती म्हणाली, "अण्णा, काय बढिया आहे! रोंगटे खडे झाले माझे." तिघांनाही खरंच तसंच ऐकू येत होतं. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

अण्णांनी पाटी पुढं ओढली. मग लिहिलं, "हा माझा आवाज? असाच होता?"

सुमंत आनंदानं रडत होता. "असाच, अण्णा! शंभर टक्के असाच होता!"

अण्णांनी पाटी पुसली. पगडी काढून मांडीवर ठेवली. कॅसेट संपेपर्यंत बसले, मग सुमंतच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेले. घरच्यांना वाटलं, भरून आलंय.

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी घरात कुणी नसताना अण्णा खोलीत आले. कपाटातून कॅसेट काढली. देवाच्या उतरलेल्या फुलांची परडी हातात होती, त्यात ती ठेवली, वर झेंडूची माळ टाकली. माझ्यासमोरून गेले. मी अंगातला सगळा जोर लावला, पण वीज नव्हती आणि असती तरी मी आपल्या मनानं काय बोलणार होतो? अर्ध्या तासानं परडी रिकामी घेऊन, ओल्या पायांनी परत आले.

संध्याकाळी सुमंतला पाटी दाखवली. "रागावू नकोस. कॅसेट गंगेला दिली. चाळीस वर्षं लोकांनी भिडेखातर ऐकलं. आता आणखी कुणी कशाला ऐकावं?"

"अण्णा! अहो काय केलंत हे! तो तुमचा आवाज होता!"

अण्णांनी लिहिलं, "होय. ऐकला."

सुमंत अक्षरशः वेड्यासारखा घाटाघाटांवर हिंडला. मल्लाहांना पाण्यात उतरवलं. गंगेत गेलेलं काय परत येतं? ज्यानं ती कॅसेट भरली होती त्याच्याकडं दुसरी प्रत नव्हती. अण्णांचा गैरसमज काढायला आईनं किती आर्जवं केली, शेजारच्या काकांना बोलावलं, त्यांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं, "शास्त्रीबुवा, तुमच्यासारखा गळा काशीत झाला नाही." अण्णा हसले. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, मग लोकांच्या तोंडावर विश्वास कोण ठेवणार? आरतीला ते पूर्वी नुसते ओठ हलवायचे. तेही बंद केलं. थंडी पडली तशी खाणं कमी झालं. माघात गेले. कशानं, म्हणाल तर डॉक्टरनं छातीचं काहीतरी सांगितलं. मला विचाराल तर मी सांगतो, आवाज गेला तेव्हा नाही गेले ते, तो आपला कधी नव्हताच असं वाटलं तेव्हा गेले.

दोन महिन्यांनी एका रविवारी आई म्हणाली, "घर फार गप्प झालंय रे. लाव काहीतरी. आणि त्यांच्या पाटावर बस. आता कर्ता तू." सुमंत नको नको म्हणत बसला. संपदानं एक भजनाची कॅसेट लावली, साधीच, एकट्या बाईच्या आवाजातली.

सुमंतची मान वर झाली. उठला, उजव्याला कान लावला. ठीक. मला कान लावला. ठीक. परत पाटावर बसला, आणि त्याचा चेहरा मला बघवेना. तो माझ्या मागं आला. अंगठ्यानं वरच्या स्क्रूजवळचं वाळलेलं कुंकू खरवडलं. आत कोरं लाकूड. मग खालचं खरवडलं, आणि नेलपॉलिश चमकली.

त्यानं तारा बदलल्या. पाटावर बसला. तो बाईंचा आवाज बरोब्बर त्याच्यासमोर येऊन उभा राहिला, भरदार, जसाच्या तसा. सुमंतनं तोंडावर दोन्ही हात दाबून धरले. खांदे हलत होते. मी गात होतो आणि मला लाज वाटत होती.

आई स्वयंपाकघरातून आली. "काय झालं रे?"

"काही नाही आई. तार ढिली होती."

तिला त्यानं आजतागायत सांगितलेलं नाही. कसं सांगणार? कुंकू तिनं लावलं होतं. आणि "असाच होता" हे त्यानं म्हटलं होतं.

त्याला चार वर्षं झाली. मला आता कुणी लावत नाही. बसंतू मिस्त्रीचा सरस अजून पक्का आहे, पण पडद्याला बुरशी धरलीय. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, सुमंत आम्हाला पुसून पाटावर मांडतो. आई येते. आता तिला नीट दिसत नाही, तरी चाचपत पाठीमागं जाते आणि चारही स्क्रूंना कुंकू लावते. सुमंत हात बांधून बघत राहतो.

मला माफी मागायचीय, पण ज्यांची मागायची ते गेले. म्हणून तुमच्याकडं एक मागणं मागतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मध्ये बसवून तुम्ही काही ऐकवाल, दाखवाल, खाऊ घालाल. त्यानं विचारलं, "असंच होतं का रे?" तर उभ्या उभ्या "हो" म्हणू नका. घरची रीत मोडली तरी चालेल. त्याला जरा सरकायला सांगा, आणि त्याच्या पाटावर बसून आधी एकदा स्वतः ऐका.