कानामागचा ठिपका

त्या दिवशी ताईने रंगाचा ठिपका फक्त माझ्याच कानामागे का लावला? स्वतःच्या का नाही?

हा प्रश्न मी खोलीतल्या सगळ्यांना विचारला. आरशाला विचारला, त्याने माझंच तोंड मला दाखवलं. कंगव्याने दात विचकले. नळ नुसता ठिबकत राहिला. म्हणून आता तुम्हाला सांगतोय. मला नीट सांगता येत नाही, शाळा झालेली नाही माझी. चार अक्षरं येतात ती बाटल्यांच्या मागची.

मी एक मुंडकं आहे. दचकू नका. पार्लरचं काम शिकणाऱ्या मुली ज्याच्यावर हात बसवतात ते रबराचं मुंडकं. आमच्यात त्याला डमी म्हणतात. मानेच्या खाली मला काही नाही. एक भोक आहे, त्यात स्टँडचा दांडा बसतो. डोळे रंगवलेले आहेत, ते मिटत नाहीत. त्यामुळे जे जे समोर झालं ते सगळं मला बघावं लागलं.

मी साच्यातून निघालो तेव्हा टकला होतो. मग एका बाईने माझ्या डोक्यात एकेक करून केस टोचले. केस खरे, माणसाचे. कोणाचे, ते मला माहीत नाही. पण ज्या बाईचे ते केस, तिला डावीकडे भांग पाडायची सवय असणार. ताई मला उजवीकडे विंचरून जायची आणि परत येऊन बघते तर भांग डावीकडे.

"हट्टी आहे मेला," ताई म्हणायची.

खरं तर मी मुलगी होतो. गुलाबी ओठ, लांब पापण्या, कमरेपर्यंत केस. अर्थात कंबर असती तर. ताई क्लासला जायला लागली आणि केस कापायला शिकली. शिकता शिकता माझे केस पाठीवरून खांद्यावर आले, खांद्यावरून कानापर्यंत. शेवटी तिने मला आरशासमोर धरलं आणि खूप हसली. "आई, बघ गं, मुलगी घेऊन गेले होते, मुलगा घेऊन आले!"

आई म्हणाली, "असू दे. तुला भाऊ नव्हताच."

तेव्हापासून मी धाकटा. ताईने माझं नाव ठोंब्या ठेवलं, कारण काही विचारलं तरी मी गप्प. डोकं फिरलं तर मात्र मी स्टँडवरून खाली उडी टाकायचो. एकदा एक गिऱ्हाईक ताईवर ओरडलं, तेव्हा थेट त्या गिऱ्हाइकाच्या पायावर टाकली होती. ताई तिला म्हणाली, "माफ करा हं, त्याचा स्क्रू ढिला आहे."

आमची खोली एकच. मधे पडदा. पडद्याच्या पुढे पार्लर, म्हणजे एक उंच खुर्ची, एक आरसा, एक बेसिन आणि बाटल्यांची फळी. पडद्यामागे ताई आणि आई राहायच्या. आई शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. आयुष्यभर कॉलरच. तिने घातलेला टाका कधी उसवला नाही, असं कारखान्यात सगळे म्हणत. ती स्वतः मात्र म्हणायची, "उसवेल कसा? दोन पदरी दोरा आणि तीन गाठी."

आईचे केस लवकर पांढरे झाले होते. फार पूर्वी तिने कुठलासा काळा रंग लावला आणि दुसऱ्या दिवशी तिचे डोळे सुजून बंद झाले. आठवडाभर ताईने तिला हाताला धरून फिरवलं. ताई तेव्हा लहान होती. त्यानंतर मात्र ती कुठल्याही डब्याचं तोंड नंतर बघायची, आधी पाठ वाचायची.

आणि मोठ्याने वाचायची, मला ऐकू जाईल असं. "बघ ठोंब्या, यादीत जे पहिलं ते सगळ्यात जास्त. इथे पहिलं पाणी. दुसरं फेस करणारं. डब्यावर चित्र कशाचं? बदामाचं. आणि बदाम कुठे? सगळ्यात शेवटी, वासाच्याही मागे! बदामाने बाटलीला नुसतं लांबून हात केलाय."

गल्लीतल्या बायका आपापल्या बाटल्या तपासायला तिच्याकडे आणत. शेजारच्या काकू तर रोज.

"अगं, टीव्हीवर त्या बाईचे केस गुडघ्यापर्यंत आलेत या तेलाने."

"काकू, त्या बाईचे केस आमच्या ठोंब्यासारखेच शिवलेले असतात."

"म्हणजे मी फसले?"

"नाही हो. तेल चांगलं आहे. फक्त गुडघ्यापर्यंत जायचं त्याच्या मनात नाही."

ज्या रसायनाने आईचे डोळे सुजले होते त्याचं नाव लांबलचक. ताई त्याला पाहुणा म्हणायची. काळ्या रंगात तो हमखास असतो आणि दर डब्यावर वेगळं नाव सांगतो. नवा डबा आला की ताई नखाने किमतीचं स्टिकर उचकटायची. "याच्याखाली लपलाय का बघू. पाहुणे, या बाहेर."

डबा वाचून झाला तरी तिचं समाधान होत नसे. मग ठिपका. काडीवर चिमूटभर घ्यायचं, कानामागे लावायचं आणि दोन दिवस वाट बघायची. खाज आली, लाल झालं, तर डबा कचऱ्यात. एक ठिपका ती स्वतःला लावायची आणि एक मला. मला गंमत म्हणून. दोन दिवसांनी आधी माझा कान वाकवून बघायची, "काय रे, काही तक्रार?" आणि मग आरशात स्वतःचा.

मला तक्रार कसली असणार? मी रबर.

आई निवृत्त व्हायला आली. कारखान्यात निरोपाचा कार्यक्रम, सगळ्यांबरोबर फोटो. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "एकदा काळ्या केसांनी फोटो निघाला असता तर बरं झालं असतं. जाऊ दे."

ते 'जाऊ दे' ताईला लागलं. तिने खूप शोधलं आणि एक पुडी आणली. बाहेर पानांचं चित्र. आत काळी भुकटी, पाण्यात कालवून लावायची. मागच्या यादीत फक्त झाडांची नावं. तिने ती यादी परत परत वाचली, उजेडात धरून वाचली. "आई, यात पाहुणा नाही गं. खरंच नाही!"

कागदावर नव्हता. पुडीत होता.

तिने काडी भिजवली, माझा कान वाकवला आणि ठिपका लावला. मग स्वतःचे केस बाजूला केले. काडी कानापर्यंत नेली. आणि ठेवून दिली. फोन वाजला नाही, दारात कुणी आलं नाही. मी समोरच होतो. ती नुसती आरशात स्वतःकडे बघत होती, आणि आरशातली ताई तिच्याकडे बघत होती ती जरा जास्तच वेळ. मग तिने काडी बेसिनमध्ये टाकली.

दोन दिवसांनी तिने माझा कान वाकवला. "स्वच्छ आहे. पास!"

आईला लावण्याआधी ती स्वतःला लावणार होती. तिच्याही कानशिलावर थोडे पांढरे होतेच. ऐन दुपार होती. आई कारखान्यात. ताईने रंग कालवला, डोकंभर लावला आणि खुर्चीत बसून गाणं गुणगुणायला लागली. थोड्या वेळाने गाणं थांबलं. तिने मान खाजवली. मग हात. मग ओठ सुजायला लागले. ती उठली, बेसिनखाली डोकं धरून सगळा रंग धुऊन काढला, काळं पाणी वाहून जाईपर्यंत. तिचा श्वास दार अडकल्यासारखा वाजत होता.

मग ती माझ्याकडे आली. तिने माझा कान वाकवून मागे बोट फिरवलं. तिथे काही नव्हतं. तिने मला दोन्ही हातांत धरलं आणि आम्ही दोघं खाली पडलो. माझं तोंड तिच्या तोंडासमोर होतं. माझे डोळे मिटत नाहीत, हे मी तुम्हाला सांगितलं आहे.

डॉक्टर म्हणाले, कशाची तरी रिअ‍ॅक्शन आली. सगळ्यांनी आईला विचारलं, "काय खाल्लं होतं तिने?" आई बिचारी तिच्या ताटातलं एकेक आठवून सांगत राहिली. डोक्याला काय लावलं होतं, हे कुणीच विचारलं नाही. केस धुतलेले होते. काळे, मऊ. काकू रडत म्हणाल्या, "किती छान दिसतायत गं केस."

मी ओरडत होतो. रबराचा आवाज कुणाला ऐकू येतो?

पार्लर बंद झालं. आईने पडदा काढून टाकला, आता खोलीचे दोन भाग कशाला. ती कारखान्यातून आली की खुर्चीत बसून माझ्याकडे बघायची. एक दिवस तिने ताईच्या कंगव्यातले केस सोडवले, सरळ केले, एक बट केली. सुईत दोरा ओवला. मला मांडीवर घेतलं आणि ती बट माझ्या टाळूवर शिवायला लागली. दोन पदरी दोरा. तीन गाठी.

"थांब हं बाळा, झालंच," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, मला कळलं नाही.

सुई आत शिरली आणि मला दुखलं.

मला आजवर कधी काही दुखलं नव्हतं. कात्री, चिमटे, गरम इस्त्री, कशाने काही नाही. आता टाळूवर वारा लागला तरी कळायचा. आईचं बोट गार आहे की गरम ते कळायचं. आणि ती बट वाढत होती. आधी माझ्या कपाळापर्यंत यायची, मग भुवईपर्यंत, मग ओठांपर्यंत. आई रोज विंचरायची. एकदा काकूंना म्हणाली, "वहिनी, बघा ना. वाढलेत."

काकू जवळ आल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "तुम्ही ते मुंडकं टाकून द्या हो. मला त्याच्याकडे बघवत नाही. कालपर्यंत ते सरळ बघायचं, आज माझ्याकडे बघतंय."

"त्याच्यात माझी पोर आहे," आई म्हणाली. विषय संपला.

निरोपाचा कार्यक्रम पुढे ढकलला होता, तो ठरला. आई नको म्हणत होती. काकूंनीच समजावलं, "जा हो. पोरीने तुमच्यासाठी केवढ्या हौसेने रंग आणला होता. अर्धी पुडी अजून आहे ना?"

आई कपाटापाशी गेली. पुडी हातात घेतली. मग म्हणाली, "तिने तपासून आणलाय. तिने तपासलं म्हणजे डोळे मिटून लावावं."

आईला रंग लागला नाही, हे आधीच सांगून टाकतो. उगाच तुमचा जीव टांगणीला नको. फोटोत ती पांढऱ्या केसांनीच उभी आहे, मधोमध, मान ताठ. मी आता कपाटाच्या वर एका खोक्यात आहे. डोक्यावर एकही केस नाही. टकल्या डमीला कुणी विचारत नाही, तरी आईने मला टाकलं नाही. पुडी तिने पोलिसांकडे नेली, आता तिची तपासणी चालू आहे. तुमच्याशी माझं एवढंच मागणं आहे, डब्यावर पानं असोत की फुलं, ठिपका स्वतःच्या कातडीवर लावा आणि थांबा. दुसऱ्याचा कान बघून पास म्हणू नका.

आता कार्यक्रमाच्या त्या सकाळचं सांगतो आणि गप्प बसतो.

आईने वाटीत रंग कालवला. ताईसारखंच करायचं म्हणून पहिला ब्रश माझ्या डोक्यावरून फिरवला. तो जिथे लागला तिथे आग झाली. विस्तव ठेवल्यासारखी. मला एकच गोष्ट करता येत होती. मी केस सोडले. त्या कोण्या अनोळखी बाईचे केस झुपक्या-झुपक्याने आईच्या मांडीवर पडायला लागले.

आई थांबली नाही. "जुना झालास रे," म्हणाली. "किती वर्षं झाली तुला." तिने केस झटकले, ब्रश पुन्हा वाटीत बुडवला आणि आरशाकडे तोंड केलं. डाव्या हाताने स्वतःचा भांग मोकळा केला.

माझ्या डोक्यावर आता फक्त ताईची बट उरली होती. ती निघणार नव्हती. तो आईचा टाका होता. आणि ती गेली की मला पुन्हा काही कळणार नव्हतं. वारा नाही, आईचं बोट नाही, ताई नाही.

ब्रश भांगापाशी आला. टाळूतून ताई बोलली नाही, फक्त एकदा ओढ दिली, लहान मूल हात सोडवून घेतं तशी.

मी पहिली गाठ सोडली. मग दुसरी. आईने चटकन मागे वळून माझ्याकडे बघितलं, कारण उसवणाऱ्या दोऱ्याचा आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता. तिचा हात हवेत थांबला होता. तो पुन्हा खाली यायच्या आत मी तिसरीही सोडली.