तीन छिन्न्या

रेजो लोहाराने चहा पुढे केला तेव्हाच विगातीच्या मनात पाल चुकचुकली. गिऱ्हाइकाला आधी गोड पाजायचं आणि मग गळ्यात काहीतरी मारायचं, ही इमोगिरीच्या बाजाराची जुनी खोड. तिने कपाला नुसते ओठ लावले.

चामडी हातमोज्यांचा कारखाना बंद पडल्यापासून ती घरी बसून होती. चाळिशीच्या बाईला सावल्यांच्या खेळातल्या चामड्याच्या बाहुल्या कोरायला शिकवणारा एकच कारागीर निघाला, पुचुंग गावचा सगियो. त्याचीही अट होती: सोमवारी स्वतःच्या तीन चांगल्या छिन्न्या आणायच्या आणि त्याच्यासमोर म्हशीच्या कातड्यावर ठिपक्यांची एक ओळ पाडायची. ओळ जमली तर काम, नाहीतर पुन्हा घर.

दुकानात लाल मखमलीवर चकचकीत छिन्न्या मांडल्या होत्या. रेजोने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फळीखालून त्याने चिंधीत गुंडाळलेल्या तीन काळ्या काड्या काढल्या.

"एक सरळ, एक वाकडी, एक ठिपक्याची. नवख्याला एवढ्या पुरतात."

"जुन्या दिसतात, काका."

"सायकलच्या स्पोकच्या आहेत. पोलाद बघ, रंग काय बघतेस?"

"मग मखमलीवरच्या कुणासाठी?"

"पर्यटकांसाठी. भिंतीवर टांगायला बऱ्या."

म्हणजे भंगार माझ्या माथी, असं विगातीला वाटलं. पण ती चौकशी करून आली होती. धार अंगठ्याच्या नखावर टेकवायची; घसरली तर बोथट, रुतली तर चांगली. पहिली रुतली. एकीलाच मुद्दाम धार लावली असेल म्हणून तिने उरलेल्या दोन्ही टेकवल्या. त्याही रुतल्या.

"धार काय, सकाळीच लावली असेल," ती म्हणाली. "ठोकल्यावर टिकते का?"

"ठोकून बघ. दुमडली तर फुकट घेऊन जा." रेजोने ठोकळा, कातड्याचा तुकडा आणि लाकडी हातोडी तिच्यापुढे सरकवली.

इथे घोळ झाला. विगाती डावखुरी. डावा हात मोठ्या माणसांसमोर चालवायचा नाही, हे आईने चापट्या मारमारून शिकवलेलं. कारखान्यात मोज्यांच्या पाठीवर भोकं पाडताना बघायला कोणी वडीलधारं नव्हतं. इथे समोर पांढऱ्या केसांचा म्हातारा बसला होता. तिने हातोडी निमूटपणे उजव्या हातात घेतली. तीन ठिपके पाडले, तिन्ही तीन दिशांना गेले.

रेजोचे डोळे बारीक झाले. "कुणी पाठवलं तुला?"

"सगियोंनी. कारखान्यात कातडं हाताळलंय मी."

"मागच्या वर्षी एकजण असाच भोळा चेहरा करून आला. माझ्या छिन्न्या नेल्या आणि नकला करून विकल्या. तू म्हणतेस कारखान्यात कातडं हाताळलंस. हा हात कातड्यावरून कधी फिरलेला नाही, बाई." तो छिन्न्या चिंधीत गुंडाळायला लागला.

विगातीचा पारा चढला. ज्याच्यावर ती चोर म्हणून डोळा ठेवून होती, तोच तिला चोर ठरवत होता. तिने ठिपक्याची छिन्नी त्याच्या हातातून ओढली, हातोडी डाव्या हातात घेतली आणि एका दमात बारा ठिपके पाडले. सगळे एका रेषेत, सगळे सारखे. मग आपण काय केलं ते कळलं आणि तिने डावा हात पटकन मांडीखाली दडवला.

"माफ करा, काका."

रेजोने कातडं उजेडात धरलं. "सोमवारी सगियोसमोर उजव्यानेच ठोकणार होतीस?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे ओळ वाकडी येणार आणि नाव माझ्या छिन्नीचं खराब होणार."

विगातीने ठोकलेली छिन्नी पुन्हा नखावर टेकवून पाहिली. रुतली. तेव्हा कुठे तिने फळीवर पैसे ठेवले.

त्याने तिन्ही छिन्न्या चिंधीत बांधून गुंडाळी तिच्यापुढे धरली. तिने सवयीने उजवा हात पुढे केला. त्याने गुंडाळी सोडली नाही. तिने जरा ओढून पाहिली, तरीही नाही. तो थट्टा करतोय का, हे तिने त्याच्या चेहऱ्यावर शोधलं. तिथे थट्टा नव्हती.

"ज्या हाताने कोरणार, त्याने घे," तो म्हणाला.

तिला लाज वाटली, भीतीही वाटली. जन्मात पहिल्यांदा तिने जाणूनबुजून एका म्हाताऱ्यासमोर डावा हात पुढे केला, आणि रेजोने गुंडाळी सोडली.