ओट्यावरून बांधलेला हात

पूर्णेच्या रेल्वे इंजिनांच्या लोको शेडात खलाशी म्हणून राबणाऱ्या सितारामचा उजवा हात मोडला, तेव्हा त्याची माय सरजाबाई त्याला हाडवैद्य ईश्वरअप्पाच्या दारात घेऊन गेली. सगळा गाव तिथंच जायचा. बाकीच्यांचं हाड अप्पा डोळे मिटून स्वतःच्या बोटांनी चाचपायचा. बौद्धवाड्यातलं कुणी आलं, की ओट्यावर बसून नुसता तोंडानं सांगायचा. हात लावायचा तो त्यांच्याच माणसानं. धर्म बदलून अठरा वर्षं झाली होती, अप्पाच्या ओट्यावर ती खबर अजून चढली नव्हती.

"दाब. अजून दाब. आता कामट्या आवळ," अप्पा वरून बोलला. सरजाबाईनं जीव खाऊन आवळल्या. दोन दिवसांत बोटं निळी पडली.

सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर सत्यशीलाबाईंनी कामट्या कापल्या, परभणीहून हाडाचा फोटो काढून आणवला, प्लास्टर घातलं. हात वाचला. पण प्लास्टर निघालं तर बोटं लाकडाची! पाना धरता आला नाही तर शेडातलं काम गेलंच.

"हाड जुळलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता रोज गरम पाण्यात बोटांचा व्यायाम, अन् मालीश. मालिशीत ईश्वरअप्पासारखा दुसरा नाही."

"त्यो आमाला शिवतच न्हाई, बाई," सरजाबाई फटकन बोलली.

बाईंनी शिपाई धाडून अप्पाला बोलावलं अन् फोटो हातात दिला. अप्पानं तो खिडकीकडं धरला. जन्मभर मिटल्या डोळ्यांनी पाहिलेलं हाड पहिल्यांदाच उघड्या डोळ्यांपुढं आलं होतं. म्हाताऱ्याची मान हलेना.

"का अप्पा? आमचं हाड येगळं दिसायलंय का?" सरजाबाईनं विचारलं.

"हे टोक सरकलेलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचं बोट लागतं तर तेव्हाच कळलं असतं."

अप्पा खाली बसला, तेल घेतलं.

"जोडावर दाबायचं नाही," बाईंनी बजावलं.

"न्हाई दाबत."

त्यानं डोळे मिटले अन् सितारामचा हात मांडीवर घेतला. सरजाबाई शिव्या तोंडात धरूनच उभी होती. पण ती बोटं एकेका शिरेला विचारत, थांबत, पुढं सरकायला लागली तशी ती श्वास घ्यायचं विसरली. काय हात होता तो! अन् हाच हात मेल्यानं ओट्यावर ठेवला होता!

रोज सकाळी गरम पाणी, दुपारी दवाखान्यात अप्पा. बाई बोटं वाकवून बघायच्या, आज कुठवर न्यायची ते सांगायच्या, अप्पा तेवढंच करायचा. एका दुपारी करंगळी वासराच्या कानासारखी थरथरली. पुढच्या आठवड्यात पाचही बोटं अप्पाच्या अंगठ्याभोवती मिटली.

"सोड की रं लेका, मोडशील!"

"मोडला तर जोडा," सरजाबाई म्हणाली. "आता येतोय की हात लावता."

डॉक्टरीणबाई खुदकन हसल्या. अप्पानं मात्र मान खाली घातली. "उद्यापून घरी आण त्याला. वर, ओट्यावर."

सरजाबाई त्या मिटलेल्या मुठीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "उद्या त्यो शेडात जाणार. सांजच्याला तुमीच या आमच्या वाड्यात. गरम पाणी मी ठिवते."