नवरीचा भाऊ

एअरलाइनमध्ये मला सगळे ‘कर्नल’ म्हणतात. आहे मी साधा लेफ्टनंट, तोही प्रादेशिक सेनेतला, म्हणजे नोकरी सांभाळून वर्षातून दोन महिने गणवेश चढवणारा. तिकडे युनिटमध्ये मी ‘विमानवाले साहेब’. थट्टा दोन्हीकडची गोडच असते. पण जेवायच्या टेबलावर दोन्हीकडे गप्पा त्यांच्या त्यांच्यात रंगतात आणि मी मान खाली घालून जेवतो. मला गजू म्हणणारी माणसं फक्त आमच्या गावी, मारेगावात आहेत, आणि तिथे मी नसतो.

यंदा प्रशिक्षण शिबिराचं बोलावणं आलं तेव्हा विमानाची नोकरी नवीकोरी होती. ड्यूट्या लावणाऱ्या मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही सासरी पाऊल ठेवल्या ठेवल्या माहेरी निघालेली सूनच त्यांच्यासमोर उभी आहे.

“आत्ता कुठे कॉकपिटमध्ये बसायला लागलात, आणि लगेच एप्रिल-मे रजा?”

मी नियम दाखवले, विनवण्या केल्या, वर्षाची सगळी हक्काची रजा त्यात घातली, दिवाळीत विमान उडवायचं कबूल केलं. शेवटी एकदाचा होकार मिळाला. इतका आनंद झाला की कोणाला तरी सांगावंसं वाटलं. पण भाड्याच्या खोलीत सांगणार कोणाला? घरी फोन लावला, वडिलांनी उचलला.

“बापूजी, कंपनीनं दोन महिने सोडलं मले. शिबिराले जातो.”

झालं. आठवड्याभरात बापूजींनी सलोनीच्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या, लग्नाची तारीख काढली. मे महिन्यातली. शिबिराच्या ऐन मधली.

“अहो, मी शिबिरात राहीन ना तेव्हा!”

“मालूम हाये मले. म्हणूनच त काढली,” बापूजी म्हणाले. जन्म कापूस-तुरीत गेला, पण डोकं वकिलाचं. “इमान सोडून तू येऊ शकत नाही, लोकं खोळंबतीन. पण कवायतीत एक माणूस कमी झाला, त कवायत थोडीच बंद पडते? दोन दिवस मागून घेजो.”

आता यांच्यावर चिडावं तरी कसं? तारीख माझ्यासाठीच काढली होती बिचाऱ्यांनी. नवरदेवाकडच्या, महागावच्या पाहुण्यांनी ती मान्य केली होती, हॉल ठरला होता. मागे फिरायला वाटच नव्हती.

शिबिरात पोचताच मी सीओ साहेबांसमोर, म्हणजे युनिटच्या प्रमुखांसमोर उभा राहिलो आणि दोन दिवस मागितले. ते म्हणाले, “त्या आठवड्यात फायरिंग आहे. तुझी माणसं दुसऱ्याच्या हाती देऊ?” नो सर म्हणालो आणि बाहेर आलो.

घरी कळवलं तेव्हा फोन सलोनीकडे होता. “बरं दादा,” एवढंच म्हणाली. ही पोरगी माझ्याशी भांडल्याशिवाय फोन ठेवत नाही.

“मंग नवरदेवाचा कान कोण पिळन?” मी विचारलं.

आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट वागव, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, असा दम देतो आणि बदल्यात मानाचा पोशाख घेतो. सगळा मांडव हसतो. शाळेत असल्यापासून मी सलोनीला सांगत आलो होतो, असा पिळीन की जन्मभर बहिरा राहील.

“अक्षय पिळन,” ती म्हणाली. अक्षय आमच्या काकांचा मुलगा.

लग्नाच्या आदल्या दिवशी फायरिंग अपेक्षेपेक्षा लवकर आटोपलं. सीओ साहेबांनी स्वतःहून बोलावलं. “जा. लग्न लागलं की परत निघायचं,” म्हणाले. मी घरी फोनसुद्धा केला नाही. म्हटलं, एकदम समोर जाऊन उभं राहू. उभ्यानंच रेल्वे, वरोऱ्यापासून जीप, वणीहून एसटी. सगळ्या वाटेवर मी एकटाच हसत होतो.

हॉलच्या दारात एका फेटेवाल्या गृहस्थानं हाताला अत्तर लावलं. “तुमी कोणाइकडचे जी?”

“नवरीकडचा.”

“मंग बसा ना, उभे काहून?”

आत मंगलाष्टकं झाली होती. लग्न लावणारे महाराज माइकवरून नवरीच्या भावाला बोलावत होते आणि अक्षय पुढे होत होता. अंगात नवा कुर्ता, डोक्याला फेटा, तोंड उन्हानं रापलेलं. हॉल, गॅस, पाण्याचे टँकर, बापूजींची बीपीची गोळी, सगळं त्यानंच पाहिलं होतं. आई दर फोनवर त्याचंच कौतुक सांगायची.

तेवढ्यात आईनं मला पाहिलं. “गजू आला वो माय!” ती ओरडली. सगळ्या माना वळल्या. मी स्टेजपर्यंत कसा पोचलो ते मलाच कळलं नाही. अक्षयनं नवरदेवाकडे नेलेला हात मागे घेतला.

“ये ना दादा. तुहा मान हाये,” तो म्हणाला आणि डोक्यावरचा फेटा काढायला लागला.

मला तो मान हवा होता. फार हवा होता. मी एक पाऊल पुढे टाकलं, आणि मला दिसलं की सलोनीनं अक्षयची बाही धरून ठेवली आहे. माझ्याकडे पाहत होती, डोळे भरलेले होते, पण बाही सोडत नव्हती.

“राहू दे दादा,” ती हळूच म्हणाली. “तू आला, लय झालं. अक्षयलेच पिळू दे.”

मी मान हलवली. अक्षयनं कान पिळला, नवरदेव खोटं खोटं कळवळला, मांडव हसला. मीही हसलो, टाळ्याही वाजवल्या.

मग शेवटच्या एसटीचं सांगायला सलोनीजवळ गेलो. तिनं हळद लागलेले हात माझ्या गालांवरून फिरवले.

“जेवून जाजो, दादा.”

आमच्याकडच्या लग्नात नवरीच्या भावाला हे कोणी म्हणत नाही. तो वाढायला असतो, सगळे उठल्यावर जेवतो. मी महागावच्या पाहुण्यांच्या पंगतीत बसलो. वरणाची बादली घेऊन अक्षय समोरून येत होता, आणि मी पान पुढे सरकवलं.