मागून हाक

"पर्स काखेत धर, मावशी. अशी हातात लोंबकळत ठेवू नकोस," मी म्हणाले.

"कोण नेणार? आत एक रुमाल आहे नि दातांची डबी."

"नेणाऱ्याला काय माहीत आत दात आहेत?"

"नेल्यावर कळेल. चावतील त्याला." डल्सी मावशी चपला काढून वाळूत उतरली.

मे महिना होता. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पर्थमध्ये, तेव्हा उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली असते, ऊन मऊ झालेलं असतं आणि पाणी मात्र अजून कोमट असतं. मावशीने मूठभर वाळू घेतली, लाटेवर भिरकावली आणि मोठ्याने सांगितलं, मी अमक्याची मुलगी, तमक्या टेकड्यांकडची, इथली नाही, जेवून निघून जाणार. आम्हा इथल्या आदिवासींत परक्यांच्या पाण्याशी आधी असं बोलावंच लागतं.

लाटांवर खेळायची फळी घेतलेला एक गोरा थांबून बघत होता. मला हळूच म्हणाला, "आजीबाईंना काही मदत हवी आहे का?"

"त्यांना नको. तुम्ही आत शिरण्याआधी विचारलंत का पाण्याला?"

तो गेला. मावशीने हात झटकले. "झालं. आता काही धोका नाही."

खोलीचं दार लाव, रस्त्यात कुणाशी बोलू नकोस, पैसे दाखवू नकोस, हे मी तिला सकाळपासून घोकून घेत होते. मी या शहरात शाळेचं उपाहारगृह चालवते, मला शहर माहीत आहे. मावशीला पूर्वेकडच्या वाळवंटातली, लॅव्हर्टनच्या पलीकडची लाल माती माहीत. तिथल्या दवाखान्यात तिने जन्मभर चादरी धुतल्या. जन्मलेल्यांच्या, मेलेल्यांच्या, एकाच हौदात. तिचं नाव कधी कुठल्या भिंतीवर लागलं नाही आणि तिला ते लागायलाही नको होतं.

आम्ही आलो होतो कॅलमच्या बोलावण्यावरून. समोर समुद्र आणि चारी बाजूंनी काच असलेल्या मोठ्या हॉटेलाचा हा मुख्य आचारी. मावशीचा मुलगा, म्हणजे माझा भाऊच, त्याला क्वांडाँग पुरवायचा. मोठ्या बोराएवढं लालभडक, आंबट फळ. आमच्याकडे ते झाडाखाली उभं राहून खातात. कॅलमकडे ते बशीच्या मध्यभागी एकटं ठेवतात. गेल्या ऑक्टोबरात फळं घेऊन येताना कच्च्या रस्त्यावर भावाची गाडी उलटली. या एप्रिलमध्ये कॅलमचा फोन आला. त्याच्या आठवणीखातर काहीतरी करतोय, आईला घेऊन या, प्रवास आमच्याकडे, राहणं आमच्याकडे. काय करताय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आल्यावरच बघा."

हॉटेलात कॅलमने मावशीचे दोन्ही हात धरले. "डल्सी मावशी, तुम्ही आलात, आमचं भाग्य."

"हा कुणाकडून भाचा लागतो आपला?" मावशीने आमच्या भाषेत मला विचारलं.

"शहरात आलीस की तू सगळ्यांची मावशी."

खिडकीजवळचं टेबल आमचं. पाव आला, मासा आला. मावशीने पावाचा एक तुकडा रुमालात बांधून पर्समध्ये दातांशेजारी ठेवला. मग वाढणाऱ्या मुलीला विचारलं, "कांगारूची शेपटी आहे का?"

"आहे ना," मुलगी म्हणाली. "शेपटी मंद आचेवर शिजवून, गाळून, तिचा रस करतो आम्ही."

"आणि शेपटी?"

"ती टाकून देतो."

मावशीने बराच वेळ त्या मुलीकडे बघितलं. "तुझी आई कुठे असते, पोरी?" तिने मायेने विचारलं. मी खाली मान घालून हसले. तो दिवसातला शेवटचा हसायचा क्षण होता.

मग गोड आलं. काळी बशी, मध्ये लाल फळ, भोवती पांढरा फेस. मुलीने बशी ठेवली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "खास तुमच्यासाठी. या पदार्थाचं नाव आहे..."

आणि तिने माझ्या भावाचं नाव घेतलं. आडनावासकट.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. गेलेल्या माणसाचं नाव आमच्यात घेत नाहीत, वर्षानुवर्षं नाही. कुन्मनारा म्हणतात. 'ज्याचं नाव घ्यायचं नाही तो.' त्याच नावाचा जिवंत माणूस असेल तर तोही त्या दिवसापासून कुन्मनारा. आमच्या वस्तीतल्या फुटबॉल शिकवणाऱ्याचं नाव एका सकाळीत बदललं. एका कुत्र्याचंही तेच नाव होतं. त्यालाही आता कुन्मनारा म्हणतात आणि तो येतो. कुत्र्याला कळतं.

मावशीचा चमचा हवेतच राहिला. तिला वाटलं असणार, आपण चुकीचं ऐकलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या झरोक्यातून आवाज आला.

"टेबल नऊ, दोन..." आणि ते नाव.

"टेबल तीन, चार..." ते नाव. "उचला लवकर, वितळतायत."

मागच्या टेबलावरची बाई म्हणाली, "मला पण एक..." ते नाव. "पण साखर कमी."

जन्म दिलेल्या बाईसमोर तिचं मेलेलं पोर असं बशीबशीने मागवत होते. हसत, बोटं चाटत. ओरडावं असं वाटलं, पण तोंडातून शब्द फुटेना.

मावशीचा फुटला. शब्द नव्हे, हंबरडा. मयताला फोडतात तो, पोटातून निघून लांबच लांब जाणारा. सगळ्या हॉटेलातले काटेचमचे थांबले. कुणी मोबाईल उचलून धरला. कुणीतरी म्हणालं, "कुणी सुरक्षारक्षकाला बोलवा हो, मुलं आहेत इथे."

दारावरचा रक्षक आला. हेमी नावाचा गडी, न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी लोकांतला, दारच अंगावर घातल्यासारखा रुंद. माझ्याजवळ वाकून म्हणाला, "ताई, मला सांगितलंय, सगळ्यांच्या सुरक्षिततेसाठी यांना बाहेर न्या."

"सगळे म्हणजे कोण रे?"

"ते नाही सांगितलं." त्याने मावशीकडे बघितलं. "कोण गेलं?"

"मुलगा. आणि हे त्याचं नाव ओरडतायत."

हेमीने टोपी काढली. "मग रडणं होऊ द्या. आमच्यातही मध्ये थांबवत नाहीत." आणि तो आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. ज्यांना चित्रण करायचं होतं, त्यांना त्याची पाठ मिळाली.

कॅलम धावत आला, पांढराफटक. खरोखर घाबरला होता. "काय झालं? आवडलं नाही का?"

मी सांगितलं. सभ्य भाषेत सांगितलं नाही.

"पण आम्ही तर त्याचा मान केला," तो म्हणाला. "त्याचं नाव कायम राहावं म्हणून..."

"तो जिवंत होता तेव्हा तुमच्या मेनूकार्डावर त्याचं नाव होतं का?"

मावशीने तोंड पुसलं. आता ती शांत होती.

"बाळा," ती म्हणाली, "तो निघालाय. लांब जायचंय त्याला. तू हाक मारलीस की तो वळून बघतो. त्याला वाटतं, आईने बोलावलं. मग कसा पोचणार?"

"मी... मी बदलतो नाव, मावशी. नक्की बदलतो."

"आत्ता," मी म्हणाले.

त्याने भरलेल्या टेबलांकडे बघितलं. दोन टेबलांवर वर्तमानपत्रवाले बसले होते. "आजचं जेवण उरकू द्या. उद्या सकाळी पहिलं काम हेच. आज सगळ्यांच्या ऑर्डरी गेल्यात हो."

मावशीने बशीतलं फळ उचललं, फेस पुसला, खाल्लं नाही. हॉटेलच्या मागे झाडाखाली गेली, हातानेच माती उकरली आणि पुरलं. हेमी मागून आला होता. तो थोडा लांब थांबला.

बसच्या थांब्यावर आलो तरी मला हॉटेलच्या उघड्या खिडक्या दिसत होत्या. ऊन कलंडलं होतं. समुद्रात माणसं मजेत पोहत होती. सगळं शहर सुरक्षित होतं. पर्स मावशीच्या काखेत घट्ट होती, तिला धक्काही लागला नव्हता.

बस समोर येऊन थांबली. दार उघडलं. त्याच वेळी खिडकीतून स्पष्ट आवाज आला, "टेबल बारा, तीन..."

ते नाव.

मावशीने झटक्यात मान वळवली. हॉटेलकडे नाही, समुद्राकडेही नाही. पूर्वेकडे, आमच्या लाल मातीकडे. डोळे बारीक करून ती बघत राहिली.

"चल ना, मावशी. बस निघेल."

"थांब," ती म्हणाली. "त्याला पुन्हा चालायला लागू दे."