शिडी धरणारे आबा

जिन्याखालच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकून उभी असलेली लाकडी घडीची शिडी, ती मीच बरं का, मित्रांनो. कारागीर माणसं मला 'घोडा' म्हणतात. घोडा असले तरी आजवर स्वतःच्या पायांनी एक पाऊलही टाकलेलं नाही. जिथे गेले तिथे कुणाच्या तरी खांद्यावरून गेले. तरीही माझं आयुष्य चांगलं गेलं असंच मी म्हणेन, आणि ते का, हे तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. गिरणीत काम करणाऱ्या एका वायरमननं मला मुद्दाम सांगून घडवून घेतलं. "लोखंडाची नको. विजेच्या कामात मला लाकडाचाच भरवसा वाटतो," असं तो सुताराला म्हणाला होता. सुतारानं चांगलं मुरलेलं लाकूड निवडलं, पायऱ्या खाचांमध्ये ठोकून बसवल्या आणि माथ्यावर पितळी बिजागऱ्या लावल्या. वायरमननं पहिल्यांदा मला उघडलं तेव्हा मी अशी करकरले की अंगणातली मांजर पळून गेली.

गिरणीतले दिवस धावपळीचे होते. हवेत सतत कापसाचे तंतू उडायचे. वायरमन वर चढायचा आणि मदतनीस खाली मला धरून उभा राहायचा. एकदा अख्ख्या खात्याचे दिवे गेले. यंत्रं थांबली, साहेब येरझाऱ्या घालू लागले. माझ्या वरच्या पायरीवर उभं राहून वायरमननं कुठली तरी जळकी तार शोधून काढली आणि लख्ख उजेड पडला. सगळे त्याला शाबासकी देत होते. त्यानं खाली उतरून माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेवर मी कितीतरी वर्षं खूष होते.

माणसं म्हातारी होतात, तशा शिड्याही होतात. वायरमन निवृत्त झाला आणि घरात, गल्लीत सगळे त्याला आबा म्हणू लागले. आबांचे हात कापायला लागले, म्हणून त्यांनी वर चढणं सोडलं. माझाही मागचा एक पाय ढिला झाला. पुढे आबांची बायको वारली आणि मुलानं मोठ्या शहरात, उंच इमारतीत घर घेतलं.

सामान बांधताना सून म्हणाली, "आबा, ही शिडी कशाला हो? तिकडे छताला हात पोचतो."

मी ट्रकमध्ये चढेपर्यंत आबा गाडीत चढले नाहीत.

नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मी मावेना. हमालांनी मला जिन्यानं वर नेलं आणि वाटेत माझा असा काही उद्धार केला की इमारतीतल्या प्रत्येक घराला माझ्या येण्याची वर्दी मिळाली. घरात शिरल्यावर माझी जागा ठरली ती स्वयंपाकघराच्या गॅलरीत, कपडे धुण्याच्या मशीनमागे. माझ्या पायऱ्यांवर मोजे वाळू लागले. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं.

पण आबांची अवस्था माझ्याहून वेगळी नव्हती. त्यांना खिडकीपाशी खुर्ची मिळाली होती. मुलगा आणि सून सकाळी कामाला जायचे. सून तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. दिवसभर लोकांचं रक्त तपासून ती घरी यायची तेव्हा पार गळून गेलेली असायची. तरी आल्या आल्या आबांच्या चहाचं आधण ठेवायची. एके संध्याकाळी तो चहा हातात घेऊन आबा म्हणाले, "मी आपला जुन्या घरी जातो. इथे माझं मन लागत नाही. कुणी ओळखत नाही, कुणाला माझी गरज नाही."

सुनेनं ऐकलं. त्या दिवशी भांडी घासताना नळ उगाच बराच वेळ वाहत राहिला.

आणि मग समोरच्या घरातल्या काकूंनी बेल वाजवली. "तुमच्याकडे शिडी आहे ना? हमालांनी सांगितलं... म्हणजे, जिन्यात ऐकू आलं. पडदे लावायचेत."

"आहे. पण तिचा एक पाय अधू आहे," आबा म्हणाले. "तिला धरायला माणूस लागतो. थांबा, मीच येतो."

त्या दिवसापासून मित्रांनो, मी जिथे गेले तिथे आबा आले. कुणाचा पंखा कुरकुरत होता, कुणाच्या माळ्यावर पेटी चढवायची होती. घरातलं कुणीतरी वर चढायचं आणि आबा मला धरून खालून सांगायचे, "आधी बटण बंद केलंस का? मग चढ." तळमजल्यावर गाणं शिकवणाऱ्या एक बाई एकट्या राहायच्या. त्यांची ट्यूब बदलून झाल्यावर आबा निघाले, तर बाई म्हणाल्या, "चहा न घेता गेलात, तर ट्यूब काढून परत तुमच्या हातात देईन!" आबा खळखळून हसले. नव्या घरात आल्यापासून मी ते हसू पहिल्यांदाच ऐकत होते.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी बाईंची एक विद्यार्थिनी धापा टाकत वर आली. बाई दार उघडत नव्हत्या. आतून काहीतरी पुटपुटल्यासारखा आवाज येत होता. आबा खाली गेले, मागोमाग सून मला खांद्यावर घेऊन गेली. रखवालदार दाराला धक्के देत होता, पण दार जाड होतं आणि कडी आतून. इमारतीच्या मागे बाईंच्या न्हाणीघराची उंच खिडकी होती, काचेच्या आडव्या पट्ट्यांची. आवाज तिथूनच येत होता. बाई आत घसरून पडल्या होत्या.

मला खिडकीखाली उभं केलं. पण चढणार कोण? रखवालदार त्या खिडकीत मावला नसता. बाकीचे एकमेकांकडे बघू लागले. सुनेनं ओढणी कमरेला खोचली.

"मी चढते."

आबांचा चेहरा उतरला. "अगं, तिचा पाय ढिला आहे. आणि माझे हात..."

"तुम्ही धरताय ना? मग मला कसली भीती!"

आबांचे हात कापतात हे तिला रोज चहाच्या कपावरून दिसत होतं. तरी ती चढली. आबांनी मला नुसतं हातांनी धरलं नाही, छातीशी कवटाळलं. त्यांच्या काळजाचे ठोके माझ्या लाकडात घुमत होते. मी तसूभरही हलले नाही. सुनेनं एकेक काच काढून खाली दिली, आत पाय टाकला आणि दिसेनाशी झाली. मग तिचा आवाज आला, "बाई, मी आले हं. घाबरू नका."

बाईंच्या कमरेचं हाड मोडलं होतं. पाण्यात पडून त्या गारठल्या होत्या आणि हाका मारून मारून त्यांचा घसा बसला होता. त्यांना दवाखान्यात नेल्यावर सून मागच्या अंगणात येऊन माझ्या खालच्या पायरीवर मटकन बसली. आबांनी तिला पाणी आणून दिलं.

"आबा, जुन्या घरी जाऊ नका ना," ती म्हणाली.

"आता कसा जाणार?" आबा म्हणाले. "उद्या तिसऱ्या मजल्यावर पंखा पुसायचाय."

बाई महिन्याभरानं काठी टेकत परत आल्या. पहिल्यांदा खर्जात आणि मग हळूहळू वरच्या सुरांत त्यांचं गाणं पुन्हा सुरू झालं. माझ्यावरचे मोजे उतरले आणि सगळ्यांच्या सोयीसाठी मला या जिन्याखाली जागा मिळाली. इथे मला कुणी पुसतं, कुणी बिजागरीत तेल सोडतं. मला आणखी काय हवं?

मागच्या आठवड्यात फाटकाशी सामानाचा ट्रक उभा राहिला. पहिल्या मजल्यावर नवं कुटुंब आलं. कुणी बोलावलं नव्हतं, तरी आबा रखवालदाराच्या खांद्यावरून मला घेऊन गेले. खोक्यांच्या गराड्यात एक बाई हातात दिवा घेऊन छताकडे बघत उभी होती.

"शिडी धरायला मी आहे," आबा दारातून म्हणाले. "चढायला तुमच्याकडे कोण आहे?"

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना पावसात टाकू नका, एवढी तर माझी विनंती आहेच. पण त्याहून मोठी विनंती वेगळी आहे. तुमच्या शेजारी कुणी नवं राहायला आलं, तर त्यांचं दार एकदा वाजवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'तुम्ही स्वस्थ बसा' म्हणण्याआधी एकदा विचारून बघा, 'जरा धरता का?'